जिवंत माशाचं यकृत

भिंगारमधून नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायला जाणाऱ्या मुलांना माशाचं यकृत भेटतं ते काचपट्टीवर. मासा मारायचा, तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर पातळ काप काढून रंगवायचे. निळी केंद्रकं, गुलाबी पेशी सुरेख दिसतात. पित्ताचं वाहणं मात्र तोवर थांबलेलं असतं.

२००१ साली जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी मेडाका माशाची पारदर्शक जात जाहीर केली. रंगद्रव्यं जवळजवळ नसल्याने मोठेपणीही तिचे अवयव बाहेरून दिसतात. पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या माशांना चमकणारी द्रव्यं दिली, कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने यकृताचे थर टिपले आणि संगणकावर त्याची त्रिमितीय रचना उभी केली, मासा जिवंत असताना. त्यांना यकृतभर एकमेकींत गुंतलेल्या अतिसूक्ष्म पित्तनलिकांचं जाळं दिसलं. मोठ्या वाहिन्या यकृताच्या मुखापाशीच होत्या. सुट्या कापांवरून हे जुळवणं फार अवघड.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कीटकनाशकाचा परिणाम आता त्याच माशात दिवसामागून दिवस पाहता येतो. आपल्याकडे शेतातलं औषध पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. हा प्रश्न आपलाच आहे. मेडाकासारखाच संशोधनात वापरला जाणारा झेब्राफिश मासा तर मूळचा भारतीय उपखंडातलाच, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर संशोधन चालतं. पुणे इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. जिल्ह्यातल्या एम.एस्सी.च्या मुलांना कॉनफोकल सूक्ष्मदर्शकावर वर्षातून आठवडाभर तरी बसू द्यावं, ही आमची आपल्या विद्यापीठाकडे मागणी आहे.