चौकशी की नुसता देखावा?

आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आज कारखान्यांत, हॉटेलांत व बँकांत मनुष्यबळ व्यवस्थापक, म्हणजे एच. आर. मॅनेजर, म्हणून काम करीत आहेत. आम्हांस याचे कौतुक वाटते. आपले पूर्वज मुंबई बंदरातून करारावर या बेटावर आले, तेव्हा एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी मजुराची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ‘डबल कट’ म्हणजे काय हे जुन्या पिढीला सांगावयास नको. त्याच मजुरांच्या पणतवंडांच्या टेबलावर आज दुसऱ्याच्या नोकरीचा कागद असतो. म्हणून दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९७५ चा लेबर अ‍ॅक्ट जाऊन २००८ चा कायदा आला, व त्याच्या जागी २०१९ चा वर्कर्स राइट्स अ‍ॅक्ट आला. गैरवर्तनाबद्दल कोणास काढावयाचे असेल तर ते कळल्यापासून, किंवा तपास झाला असल्यास तो संपल्यापासून, १० दिवसांच्या आत आरोप कळवावा लागतो. उत्तरासाठी किमान ७ दिवस द्यावे लागतात. तोंडी सुनावणीत कामगार आपल्या युनियनचा प्रतिनिधी किंवा वकील सोबत आणू शकतो. काढण्याचा निर्णय सुनावणी संपल्यावर ७ दिवसांत घ्यावा लागतो. कायदा स्पष्ट आहे.

अडते ते दुसरीकडेच. साहेब परदेशी गेलेले असतात, त्यांच्या सहीसाठी फाइल पडून राहते, आणि दहावा दिवस उलटून जातो. आरोपपत्र इंग्रजीत निघते. ज्याला ते मिळते तो घरी क्रिओल बोलतो व रात्री शेजारच्या विद्यार्थ्याकडून अर्थ समजावून घेतो. सुनावणीचे टेबल मांडले जाते, पण निकालाचे पत्र आधीच टाइप झालेले असते. अशा सुनावणीला आम्ही चौकशी म्हणणार नाही.

सर्वांत वाईट प्रकार राजीनाम्याचा. ‘सही कर, बाबा, म्हणजे तुझे नाव खराब होणार नाही,’ असे गोड बोलून बंद खोलीत कागद पुढे सरकविला जातो. सही झाली की सुनावणी गेली. पुढे दाद मागायची तर ती सही दबावाखाली झाली हे त्यालाच सिद्ध करीत बसावे लागते. एक वर्ष किंवा अधिक सलग नोकरी झालेल्याला अन्यायाने काढल्याचे न्यायालयात ठरले, तर दर १२ महिन्यांमागे ३ महिन्यांचा पगार भरपाई म्हणून मिळू शकतो. वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम पाच वर्षांच्या पगाराइतकी होते. मालक राजीनाम्यासाठी इतके आर्जव का करतो, ते यावरून कळावे!

मॅनेजरची कुचंबणा आम्ही जाणतो. पगार मालक देतो, आणि नियम दाखविणारा मालकाला नावडता होतो. परंतु ‘साहेब, ही सुनावणी अजून झालेली नाही’ एवढे वाक्य वेळेवर उच्चारणे हेच तर त्याचे काम आहे. त्यात मालकाचाही खटला व खर्च वाचतो. ज्याने तपास केला त्यानेच निवाडा करू नये, हेही त्यानेच सांगितले पाहिजे.

आणि ज्यांच्या हाती असे पत्र पडेल, त्या आमच्या वाचकांनी ते मिळाल्याची तारीख लगेच टिपून ठेवावी, आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो युनियनला किंवा मजूर खात्याच्या कार्यालयात दाखवावा.