रंगभूमीवरील गाडी

कालिदासाच्या दुष्यंताला रंगभूमीवर खराखुरा रथ लागत नाहीं. सारथ्याचें भाषण आणि नटांचा अभिनय एवढ्यावरच रसिकांस रथाचा वेग दिसतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची गोष्ट निराळी. त्याची कथाच गाडीच्या चाकांवर चालते. सहाव्या अंकाचें नांवच 'प्रवहणविपर्यय', म्हणजे गाड्यांची अदलाबदल. गोविंद बल्लाळ देवल यांनीं हें नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणिलें. तें पुनः बसविण्याची हौस ज्या मंडळींना आहे, त्यांच्यासाठीं या गाडीविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

प्रथम मूळ प्रसंग ध्यानांत घ्यावा. चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक वसंतसेनेसाठीं गाडी आणतो. परंतु आंतील आस्तरण घरीं विसरल्यामुळें गाडीसह माघारी फिरतो. इतक्यांत खेड्यांतील गाड्यांनीं वाट अडल्यामुळें शकाराचा गाडीवान स्थावरक आपली गाडी त्याच दाराशीं उभी करून दुसऱ्याच्या अडकलेल्या चाकाला हात लावावयास जातो. वसंतसेना ती चारुदत्ताचीच समजून तींत बसते. पुढें वर्धमानक परत येतो, तों बंदिवासांतून पळालेला आर्यक त्याच्या गाडींत चढतो. आर्यकाच्या बेडीचा आवाज त्या भोळ्या गाडीवानास नूपुरांचा वाटतो!

यावरून गाडी कशी असावी हें नाटककारानेंच सांगून ठेविलें आहे. दोन्ही गाड्या वसंतसेनेस एकसारख्या भासल्या पाहिजेत, परंतु प्रेक्षकांनीं मात्र क्षणभरही फसतां कामा नये. सुदैवानें त्या प्रसंगीं दोन्ही गाड्या एकाच वेळीं समोर येत नाहींत. म्हणून सांगाडा एकच करावा आणि छतावरील कापडें दोन ठेवावीं. प्रेक्षकांकडील बाजूस रंगाचा भेद ठळक असावा. वसंतसेना ज्या बाजूनें चढते ती बाजू दोन्ही वेळीं सारखीच राहूं द्यावी.

दुसरी गोष्ट वजनाची. वसंतसेना बसल्यावर स्थावरकास गाडी जड लागते, आणि आपण थकलों म्हणून असें वाटतें, अशी तो समजूत करून घेतो. गाडी जड 'दिसली' पाहिजे. ती जड असूं नये. आहार्याभिनयाच्या विवेचनांत भरतमुनींनीं रंगभूमीवरील वस्तु बांबू, कापड, लाख अशा हलक्या पदार्थांच्या कराव्या असें सांगितलें आहे, आणि तें आजही खरें आहे. मात्र ज्यावर माणूस बसणार तो साटा मजबूत लांकडाचाच हवा. त्याखालीं रबरी धावेचीं लहान चाकें लपवावीं : मागचीं दोन सरळ चालणारीं, पुढचीं दोन सर्व बाजूंस वळणारीं. मोठीं चाकें पातळ फळीचीं करावीं. तीं जमिनीस नुसतीं टेंकलीं म्हणजे भार न घेतां फिरतात. जुंवाला बांबूच्या सांगाड्यावर कापड गुंडाळलेले बैल जोडावे आणि गाडी पलीकडील, न दिसणाऱ्या बाजूनें दोघांनीं ढकलावी.

तिसरी गोष्ट आवाजाची. बेडीचा खळखळाट ज्या प्रसंगाचा प्राण, तेथें कणा कुरकुरूं लागला तर सगळाच विचका होतो. संगीत नाटकांत तर पदाच्या ऐन समेवर चाक बोललें म्हणजे गायकाचे श्रम पाण्यांत गेले म्हणून समजावें. वंगण घालण्याची आठवण प्रयोगाच्या दिवशीं नव्हे, आदल्या दिवशीं व्हावी. गाडी थांबतांच चाकांस पाचर मारण्याचें काम एका नेमलेल्या मुलाकडे द्यावें. रंगमंच किंचित् उतरता असला तर आंत बसलेल्या नटीसह गाडी प्रेक्षकांकडे घसरावयास वेळ लागत नाहीं. तालमींत नटाच्या दुप्पट वजनाचीं पोतीं ठेवून ती आधीं फिरवून पाहावी. माणूस त्यानंतर बसवावा.

एवढ्यास फार द्रव्य लागत नाहीं. गांवचा सुतार, कांहीं कळक आणि जुनीं लुगडीं पुरेशीं आहेत. रोहसेनालाही सोन्याची गाडी हवी होती. घरीं मातीचीच होती, आणि नाटकाला नांव मिळालें तें तिचेंच.