आधी पाच की आधी वीस?

मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा आधी पाच येतात, मग वीस. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. तेलुगूतही ‘इरवै ऐदु’, तसंच. बेळगाव-हैदराबादकडे वाढलेल्यांना घरात एक क्रम आणि दारात दुसरा, याची सवयच असते. लिहिताना मात्र सगळे २५ च लिहितात, म्हणून हिशोब चुकत नाही. कॉम्प्युटरच्या जगात गंमत अशी, की तिथे लिहिण्याच्याच दोन पद्धती आहेत.

कॉम्प्युटर संख्या बाइटच्या खणांत ठेवतो. एका खणात ० ते २५५ एवढंच मावतं. ३०० ठेवायचे तर २५६ चा एक गठ्ठा आणि वर ४४ सुटे. चार खण दिले, तर आपल्या लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आधी सुटे ठेवतो: ४४, १, ०, ०. मोबाइलमधला प्रोसेसरही तसंच करतो. ही ‘लिटल एंडियन’ पद्धत. बँकांमध्ये वापरतात ते आयबीएमचे मेनफ्रेम उलट ठेवतात: ०, ०, १, ४४. ही ‘बिग एंडियन’. अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून भांडणारी माणसं ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये आहेत, तिथून डॅनी कोहेन यांनी १९८० साली ही नावं उचलली.

आता कामाचं बोलू. पीसी सुरू झाला, की त्यातलं फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती काही तक्ते देतं. प्रोसेसर किती, पॉवर बटण कुठे जोडलंय, बॅटरीची माहिती कुठून घ्यायची, हे त्यांत असतं. या पद्धतीला एसीपीआय म्हणतात. १९९६ पासून ती चालू आहे. माणसाला वाचता येईल अशा मजकुरातून हे तक्ते बनवणारा कंपायलर म्हणजे आयएएसएल. नियम स्पष्ट आहे: तक्त्यातल्या संख्या नेहमी लिटल एंडियन, कंपायलर कुठल्याही मशीनवर चालवला तरी.

मग पीसीचे तक्ते मेनफ्रेमवर बनवायचेच कशाला? कारण डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या मंडळींकडे तेच पॅकेज प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरवर बांधलं जातं, आणि त्यात आयबीएमचं मेनफ्रेमही येतं. शिवाय क्यूईएमयूसारखी सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी पीसी उभा करतात. त्या पीसीलाही हे तक्ते लागतातच.

चूक कशी शिरते पाहा. सी भाषेत लिहिणारा कोणी संख्या मेमरीत जशी आहे तशी उचलून फाइलमध्ये टाकतो. लॅपटॉपवर सगळं सुरळीत. तोच प्रोग्रॅम मेनफ्रेमवर चालवला, की फाइलमध्ये ०, ०, १, ४४ उतरतं. तक्त्याची लांबी ३०० बाइट असेल, तर पीसी ती ७३,८२,६३,०४० वाचेल!

तुम्ही म्हणाल, तक्त्यात चेकसम असतो ना? असतो. प्रत्येक तक्त्याच्या सुरुवातीला बहुधा ३६ बाइटचं शीर्षक असतं, त्यात एक बाइट चेकसमचा. सगळ्या बाइटची बेरीज करून २५६ ने भागलं, की बाकी शून्य आली पाहिजे. पण बेरजेला क्रम कुठे कळतो? ४४ आणि १ ची बेरीज ४५, १ आणि ४४ ची पण ४५. खण उलटे झाले तरी चेकसम खुशाल ‘बरोबर’ म्हणतो.

दुसरी चाचणी सुचते ती अशी: कंपायलरने तक्ता बनवायचा, डिसअसेंबलरने तो परत मजकुरात आणायचा आणि दोन्ही मजकूर जुळवायचे. ऐकायला पक्की वाटते. पण दोघेही त्याच मशीनवर, त्याच चुकीने चालत असतील तर? एकाने उलटं लिहिलं, दुसऱ्याने उलटं वाचलं, दोन उलटे मिळून सरळ. चाचणी पास, तक्ता मात्र निकामी.

म्हणून खरी चाचणी एकच. तोच मजकूर, तोच कंपायलर दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालवायचा आणि निघालेल्या फाइली बाइट-बाइट ताडून पाहायच्या. त्यातही नमुने विचारपूर्वक निवडावे लागतात. शून्य घेतलं, किंवा चारही बाइट सारखेच असलेली संख्या घेतली, तर उलटं-सुलटं सारखंच दिसतं आणि चूक लपते. चारही खणांत वेगळा आकडा हवा. दोन, चार आणि आठ बाइटच्या संख्या वेगवेगळ्या तपासायच्या, कारण एका लांबीची दुरुस्ती झाली म्हणून दुसरीची झाली असं नसतं.

तारखेचंही असंच. आपण ०५/०८ लिहिलं तर पाच ऑगस्ट, अमेरिकेतला मावसभाऊ वाचेल आठ मे. तुमचा प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो का, हे ०८/०८ टाकून पाहिलंत तर तो कधीच नापास होणार नाही.

यासाठी मेनफ्रेम विकत घ्यायला नको. क्यूईएमयू मोफत आहे; त्यात तुमच्या लॅपटॉपवर मेनफ्रेमसाठीचा प्रोग्रॅम चालवता येतो. थोडा हळू चालतो, पण खण त्याच्याच क्रमाने ठेवतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर संख्या पाठवत असाल, तर सबमिशनच्या आधी एकदा तिथे चालवून बघा. ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणताना ते मशीन संख्या कुठल्या टोकाकडून लिहितं, एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं.