गुडघेदुखीचा व्यायाम एकट्याने नको

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाबाहेर रोज सकाळी पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांची रांग लागते. त्यात बायका जास्त, आणि बहुतेकींची तक्रार एकच : गुडघे. एक्स-रे निघतो, वेदनाशामक गोळ्या लिहिल्या जातात आणि केसपेपरच्या शेवटी ‘व्यायाम करा’ असे दोन शब्द येतात. कधी व्यायामाच्या चित्रांचा छापील कागद हाती पडतो. तो कागद घरी गेल्यावर गादीखाली जातो. गोळ्या संपल्या की पुढच्या गोळ्या थेट औषधाच्या दुकानातून येतात. जो उपचार सर्वांत आधी सुरू व्हायला हवा, तोच राहून जातो.

हा त्रास किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2019 मध्ये जगभरात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, होती. त्यांत सुमारे 60 टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक त्रास गुडघ्यांचा होता. उकिडवे बसून खुरपणी, जमिनीवर बसून भांडी घासणे, भारतीय पद्धतीचे शौचालय हे ज्यांचे रोजचे जगणे आहे, त्यांचा दुखरा गुडघा कामही हिरावून घेतो आणि स्वावलंबनही.

‘झीज’ या शब्दाने मात्र मोठा घोटाळा केला आहे. टायर झिजतो तसा गुडघा झिजतो, तेव्हा कमी वापरला तर जास्त टिकेल, असा हिशेब लोक मांडतात. ‘वंगण संपलंय’ हे वाक्यही त्याच समजातून आलेले. पण सांधा जिवंत असतो. त्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा हा द्रव कूर्चेत आत-बाहेर खेळतो. हालचाल थांबली की हे पोषणही मंदावते. शिवाय मांडीचे स्नायू गुडघ्याला आधार देतात. दुखते म्हणून बसून राहिले की तेच स्नायू दुबळे होतात, सांध्यावर ताण वाढतो आणि दुखणे आणखी वाढते. त्यात वजन वाढले तर पाहायलाच नको. एक किलो वजन कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अभ्यास सांगतात.

मग लोक व्यायाम का करत नाहीत? आळस हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. पहिले कारण भीती. पाय उचलताना कळ आली की ‘काहीतरी बिघडलं’ असे वाटते आणि घरात विचारायला कोणी नसते. दुसरे कारण वेळ. घरातल्या बाईने व्यायामाला चटई टाकली की कुकरची शिट्टी होते, नातू रडतो, दारावर कोणी येते. तिसरे कारण कंटाळा. हे व्यायाम आठ दिवसांत गुण देत नाहीत. सहा ते बारा आठवडे नेटाने करावे लागतात.

या तिन्हींवर एकच उपाय लागू पडतो : गट. शेजारची तिच्याच वयाची बाई खुर्चीवरून हात न टेकता उठताना दिसली की भीती ओसरते. ठरलेल्या वेळेला घराबाहेर पडले की तो वेळ आपला होतो. दोन दिवस दिसली नाही तर चौकशी करणारे कोणी असते. शिवाय एक फिजिओथेरपिस्ट एका तासात दहा-बारा जणांना शिकवू शकतो. आपल्याकडील मनुष्यबळ पाहता ही बाब महत्त्वाची आहे.

डेन्मार्कने 2013 मध्ये हेच सूत्र धरून ‘ग्लॅड’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात आजार समजावून सांगणारी दोन-तीन सत्रे आणि आठवड्यातून दोनदा याप्रमाणे सहा आठवड्यांत बारा व्यायामसत्रे असतात, तीही प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीनसह अनेक देशांनी तो स्वीकारला. वेदनेबाबतचा त्यांचा नियम प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे : वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना दुखणे पाचपर्यंत गेले तरी चालेल, पण ते 24 तासांत नेहमीच्या पातळीवर यायला हवे. तसे झाले नाही, तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करायचा, सोडायचा नाही.

व्यायाम हा चमत्कार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तर वेदनेतला फरक माफकच दिसतो, आणि व्यायाम थांबवला की तो टिकत नाही. पण वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब वाढतो. कुठल्याशा ‘जालीम’ पुडीत तर चोरून मिसळलेले स्टिरॉइडही निघते. व्यायामाने यातले काही होत नाही. उलट मधुमेह, रक्तदाब आणि तोल जाऊन पडण्याचा धोका यांवरही त्याचा उपयोग होतो.

अर्थात, प्रत्येक सांधेदुखी झिजेची नसते. सांधा लाल, गरम किंवा सुजलेला असेल, ताप असेल, सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आमवातात वेळेवर औषधे सुरू करणे अत्यावश्यक असते. व्यायाम त्यांच्या जोडीला येतो, त्यांच्या जागी नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. निर्णय योग्यच होता. पण सांधेरोपण हा शेवटचा टप्पा आहे. पहिल्या टप्प्याला मात्र आजही कोणी वाली नाही. त्यासाठी नवी इमारत किंवा यंत्रे लागत नाहीत. हातांच्या नसलेल्या बारा खुर्च्या, आधाराला एक भिंत आणि सावली पुरते. खुर्चीवरून उठणे-बसणे, पाय सरळ उचलणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, एवढ्यावर सुरुवात होते.

जागाही आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगसत्रे होतात आणि ज्येष्ठांची काळजी त्यांच्या कामातच मोडते. गावात समाजमंदिर आहे, शहरात विरंगुळा केंद्र आणि महापालिकेची बाग आहे. 1995 मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका बागेत मोजक्या लोकांसह सुरू केलेला हास्यक्लब गावोगावी पोहोचला. एकत्र जमण्याची सवय आपल्याकडे मुळातच आहे.

आता आरोग्य विभागाने आणि महापालिकांनी तीन गोष्टी कराव्यात. जिल्हा रुग्णालयांतील फिजिओथेरपिस्टांकडून आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. प्रत्येक केंद्रावर आठवड्यातून दोनदा, बायकांना जमेल अशा वेळी, सांध्यांच्या व्यायामाचा वर्ग भरवावा. आणि बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरवर ‘व्यायाम करा’ एवढेच न लिहिता त्या वर्गाचा वार, वेळ आणि पत्ता लिहावा. गोळ्यांचे नाव आणि मात्रा आपण नेमकी लिहितो. व्यायामाचीही तशीच लिहिली पाहिजे.