बाबांचे रविवारचे मेल, आता घरच्या कॉम्प्युटरवर

मागच्या महिन्यात इंदूरहून बाबांचा फोन आला. "अगं, माझा मेलबॉक्स भरत आलाय म्हणे. 'सेंट'मधले जुने मेल सगळे उडवून टाकतो. एकदा पाठवून झाल्यावर ते ठेवून करायचंय काय?"

मी ऑफिसात जवळजवळ ओरडलेच, "बाबा, कशालाही हात लावू नका!"

त्याचं असं आहे. मी पुण्यात बीए करत होते तेव्हा बाबा दर रविवारी मला मेल लिहायचे. फोन रोज व्हायचा, पण तो आईचा. बाबांचं बोलणं मेलमध्ये. वर 'चि. ताईस अनेक आशीर्वाद', मग अंगणातल्या जास्वंदीची, शेजारच्या काकूंची, सराफ्यातल्या गर्दीची खबर आणि शेवटी न चुकता 'पैसे लागले तर सांग, संकोच नको'. तीन वर्षांचे रविवार! हे सगळे मेल कॉलेजने दिलेल्या आयडीवर यायचे. डिग्री झाल्यावर काही महिन्यांनी तो आयडी बंद झाला. आधी सूचना आली होती, पण मी 'नंतर बघू' म्हणून सोडून दिली. नंतर बघायला गेले तर पासवर्ड चालेना. आता ती पत्रं फक्त बाबांच्या जीमेलच्या 'सेंट'मध्ये उरली होती आणि बाबा नेमकं तेच साफ करायला निघाले होते.

मेल असतात तरी कुठे?

आपल्याला वाटतं, मेल आपल्या फोनमध्ये आहेत. खरं तर ते दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर असतात आणि आपण खिडकीतून पाहावं तसे ते पाहतो. जीमेलची १५ जीबी मोफत जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट असते, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ चढवले की मेलची जागाही आटते. शिवाय डिसेंबर २०२३ पासून गूगलचा नियम असा की, दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात. आजी-आजोबांचं कुणी तरी उघडून दिलेलं खातं आठवतंय ना?

मेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर आणायच्या दोन पद्धती आहेत. एक पॉप, म्हणजे 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल'. तिची पहिली आवृत्ती १९८४ ची. आज वापरतो ती तिसरी, म्हणून नाव पॉप३. पोस्टात जायचं, आपली पत्रं उचलायची आणि घरी आणायची, असा तिचा सरळ हिशोब. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोन लावून नेट जोडावं लागायचं आणि मिनिटं मोजली जायची. जोडा, मेल उतरवा, तोडा आणि मग निवांत वाचा. त्या काळाला ही पद्धत अगदी सोयीची होती.

दुसरी आयमॅप. ती १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. हिच्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि फोन, लॅपटॉप, सगळीकडे तेच दिसतात. रोजच्या वापराला उत्तम! पण ती आरशासारखी आहे. बाबांनी फोनवर मेल उडवला की कॉम्प्युटरवरूनही तो जातो. म्हणून जपून ठेवायला आम्ही पॉप निवडली.

आम्ही काय केलं

शनिवारी मी घरी गेले. चहा घेऊन आम्ही दोघं जुन्या डेस्कटॉपसमोर बसलो.

१. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सगळ्या सेटिंग्ज उघडून 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या टॅबमध्ये सर्व मेलसाठी पॉप सुरू केलं. त्याखालीच विचारतात, मेल उतरवल्यावर जीमेलमधल्या प्रतीचं काय करायचं? तिथे 'इनबॉक्समध्ये ठेवा' हा पर्याय निवडला.

२. थंडरबर्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. खातं जोडताना आयमॅपऐवजी पॉप३ निवडलं आणि गूगलच्या खिडकीत बाबांनी स्वतः लॉगिन केलं.

३. सर्व्हर सेटिंग्जमध्ये सुरू होताच आणि दर १० मिनिटांनी नवे मेल तपासून आपोआप उतरवायला सांगितलं. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण ठेवली आणि खालची '१४ दिवसांपर्यंत' ही खूण काढली. ती राहिली तर मुदतीनंतर सर्व्हरवरची प्रत काढून टाकायची सूचना जाते.

एक लक्षात ठेवा. जीमेल पॉपमधून पाठवलेले मेलही देतं, स्पॅम आणि ट्रॅशमधले मात्र देत नाही. इतर बहुतेक ठिकाणी पॉपने फक्त इनबॉक्स येतो. तिथे आयमॅपने खातं जोडून हवे ते मेल थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा.

मेल एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. घाई करू नका.

उडवण्याआधी ही परीक्षा घ्या

सगळं उतरल्यावर मी वायफाय बंद केलं आणि बाबांना म्हटलं, "आता उघडा." नेट नसताना मेल उघडला, अटॅचमेंट उघडली, तरच तो खरा आपल्या घरी आलाय. सगळ्यात जुना, सगळ्यात नवा आणि मधलेही काही उघडून पाहा.

मग थंडरबर्ड बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं, कारण कॉम्प्युटरही कधी तरी दगा देतोच. त्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. बँकेची पत्रं, आधारच्या प्रती, सगळं आता तिथेच आहे ना! म्हणूनच ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर हा उद्योग करू नका. आणि कॉलेजचा किंवा नोकरीचा आयडी असेल, तर तिथला नियम विचारून घरगुती मेल वेळीच बाहेर काढा. माझ्यासारखं 'नंतर बघू' म्हणू नका.

वायफाय बंदच होतं. बाबांनी चष्मा वर सरकवून माझा पहिला रविवार उघडला. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "फार लिहायचो गं मी."

"बाबा, लिहायचो काय? अजून लिहा की."

संध्याकाळी आम्ही जीमेलमधले जुने जड व्हिडिओ काढून जागा मोकळी केली. पुढच्या रविवारी पुण्यात माझ्या फोनवर मेल आला. 'चि. ताईस अनेक आशीर्वाद.' जास्वंदीला कळ्या आल्यात म्हणे.