मेंटेनर एकटा पडता कामा नये

सकाळी ठाण्याहून ऐरोली-महापेकडे निघालेल्या गाडीत उभे असलेले आपल्यातले कितीतरी जण ऑफिसात पोचले की लिनक्स, गिट नाहीतर पोस्टग्रेस उघडतात. ही सॉफ्टवेअरं आपल्याला फुकट मिळाली आहेत. ती सांभाळणारी माणसं, म्हणजे मेंटेनर, मात्र थकत चालली आहेत.

मेंटेनरकडे जगभरातून पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, येतात. प्रत्येक वाचायचा, लावून बघायचा, चूक असेल तर सांगायचं, सुधारून आला की पुन्हा वाचायचा. यातलं बरंचसं काम मेलमधून चालतं आणि त्या ढिगात चांगले पॅचही गडप होतात. पाठवणारा नवखा वाट पाहतो, उत्तर येत नाही, तो पुन्हा फिरकत नाही. उद्याचा मेंटेनर आपण असा गमावतो.

मेंटेनर असा एकटा पडण्याची किंमत 2024 मध्ये दिसली. एक्सझेड ही फाइल लहान करणारी, लिनक्सवर सर्वत्र असणारी लायब्ररी. लासे कॉलिन ती मोकळ्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. 2022 मध्ये त्यांनी आपल्या मानसिक स्वास्थ्याबद्दल उघडपणे लिहिलं, तरी लोक पॅचसाठी तगादा लावत राहिले. मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या व्यक्तीने विश्वास कमावला आणि लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी पिच्छा पुरवला, म्हणून जग वाचलं. पॅचचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राने हा डाव ओळखला नसता, हे खरं. पण एकट्या माणसावरचा ताण त्याने नक्की हलका झाला असता.

अशी साधनं आज हाताशी आहेत. लिनक्स कर्नलचे अनेक गट पॅचवर्क वापरतात. मेलवर आलेला प्रत्येक पॅच ते आपोआप यादीत टिपतं. नवा आहे, तपासणीत आहे, स्वीकारला की बदल हवेत, हे सगळ्यांना दिसतं. पोस्टग्रेसची कमिटफेस्ट, म्हणजे पॅच तपासण्याच्या फेरीची, यादी आहे आणि तिच्या जोडीला एक बॉट. तो प्रत्येक पॅच ताज्या कोडवर लावून बघतो, टेस्ट चालवतो आणि लागत नसेल तर तसं दाखवतो. पॅच लागतोय का, एवढंच बघण्यात मेंटेनरची जी संध्याकाळ जायची, ती वाचते.

मात्र पॅच योग्य आहे का, हे ठरवायला माणूसच लागतो. तिथे आपण हवे आहोत.

हे सातासमुद्रापारचं काम नाही. ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मुंबईत घडलं. पोस्टग्रेसच्या गाभ्यात पुण्यातल्या अभियंत्यांचे हात आहेत. मग ठाण्यातल्या ए. पी. शहा किंवा डोंबिवलीतल्या जोंधळे कॉलेजच्या मुलांनी का मागे राहावं? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आणखी एक हजेरीचं ॲप करण्यापेक्षा एखाद्या छोट्या मुक्त प्रकल्पाला आपोआप चालणाऱ्या टेस्ट जोडून द्या. प्राध्यापकांनो, त्याला गुण द्या. टीम लीड मंडळींनो, आपला धंदा ज्या लायब्ररीवर उभा आहे तिच्यासाठी टीमला आठवड्यातले दोन तास मोकळे करून द्या.

आणि आपण बाकीचे? आपला पॅच जुना झाला असेल तर ताज्या कोडवर बसवून पुन्हा पाठवू. पोस्टग्रेसमध्ये रीतच आहे: एक पॅच पाठवलात तर तेवढ्याच आकाराचा दुसऱ्याचा एक तपासा. पुढच्या कमिटफेस्टच्या यादीत तपासनीस म्हणून आपलं नाव घालू. पॅच लावू, चालवू आणि काय दिसलं ते चार ओळींत मेंटेनरला कळवू.