ऋणमुक्तीचे श्रेय कोणाचे?

सोमालिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते दुष्काळ, यादवी आणि समुद्री चाचे. त्या देशाच्या एका अर्थमंत्र्याची कारकीर्द विचारात घ्यावी, असे सहसा कोणाला वाटत नाही. तरीही राज्यसंस्था कशाच्या बळावर उभी राहते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी अब्दिरहमान दुआले बेले यांच्या कारकीर्दीकडे अवश्य पाहावे.

बेले हे व्यवसायाने अर्थशास्त्रज्ञ. आफ्रिकी विकास बँकेत दीर्घकाळ काम केल्यानंतर ते राजकारणात आले, २०१४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि २०१७ पासून २०२२ पर्यंत अर्थमंत्री होते. १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळल्यापासून थकलेली कर्जे त्यांच्या वाट्यास आली होती. थकबाकीदार देशाला आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था नवे कर्ज देत नाहीत आणि नव्या पैशावाचून जुनी बाकी फिटत नाही, असा हा पेच होता.

त्यावर उपाय होता तो हिशेब चोख ठेवण्याचा. नाणेनिधीच्या देखरेखीखाली अर्थव्यवहारास शिस्त लावणे, करवसुली वाढविणे, सैनिकांचा पगार सेनाधिकाऱ्यांच्या हाती न देता थेट त्यांच्या बँकखात्यात जमा करणे, अशी ही रूक्ष कामे होती. पगार मधल्या मधे गडप होत असेल, तर सैनिकाने सरकारशी इमान का राखावे? मार्च २०२० मध्ये नॉर्वे, ब्रिटन व इटली यांच्या तात्पुरत्या साहाय्याने थकबाकी मिटविण्यात आली आणि कर्जमाफीचा पहिला टप्पा गाठला गेला. बेले ज्या बँकेत पूर्वी काम करीत, तीही या धनकोंपैकी एक होती.

परंतु चोख खतावणीला राजकीय विश्वासार्हतेची जोड लागते. एप्रिल २०२१ मध्ये बेले ज्या सरकारात होते त्याच्या अध्यक्षांची मुदत दोन वर्षांनी वाढविण्याचा घाट संसदेत घातला गेला. मोगादिशूच्या रस्त्यांवर गोळीबार झाला व तो बेत सोडून द्यावा लागला. निवडणूक लांबली, धनकोंनी हात आखडता घेतला आणि अर्थखात्याची मेहनत धोक्यात आली. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. त्यामुळे या दोषाचा वाटा बेले यांनाही टाळता येणार नाही.

मे २०२२ मध्ये सत्तापालट झाला. नव्या सरकारने मागील सरकारचा कार्यक्रम मोडीत न काढता तो पुढे चालविला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऋणमुक्ती पूर्ण झाली. २०१८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६४ टक्के असलेले परकीय कर्ज सहा टक्क्यांच्याही खाली आले. हा समारंभ साजरा झाला तेव्हा बेले पदावर नव्हते. परंतु ही त्यांची शोकांतिका नव्हे. पेरणाऱ्याने कापणीपर्यंत खुर्ची अडवून न बसणे आणि नंतर येणाऱ्याने पीक उपटून न टाकणे, याच दोन गोष्टींतून संस्था घडतात.

अर्थात, ऋणमुक्ती म्हणजे समृद्धी नव्हे. सोमालियाचा करमहसूल अजूनही तुटपुंजा आहे आणि अर्थसंकल्प मोठ्या प्रमाणावर परकीय अनुदानावर अवलंबून आहे. कर्ज धनको माफ करू शकतात. कर मात्र स्वतःच्याच नागरिकांकडून, त्यांचा विश्वास संपादन करून गोळा करावा लागतो. यापुढील प्रत्येक अर्थमंत्र्याची कसोटी तीच राहील.